घाट चढतानाचा हुंकार: डिफरन्शियलचा आवाज कसा ओळखावा

चिपळूणहून कराडकडे निघालेली बोलेरो कुंभार्ली घाट चढू लागली की मागच्या बाकाखालून एक बारीक, सलग हुंकार सुरू होतो. चालकाने ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलताच तो थांबतो आणि परतीच्या उतारावर, गाडी गिअरमध्ये ठेवून सोडलेली असताना, एकदाही ऐकू येत नाही. अशी गाडी गॅरेजमध्ये आली की डिफरन्शियल, म्हणजे मागच्या एक्सलच्या मध्यावरचा, दोन्ही चाकांना शक्ती वाटून देणारा गिअरांचा संच, लगेच उघडावे, बेअरिंगे बदलावीत आणि गाडी सोडून द्यावी, असा मोह होतो. मात्र आवाज नेमका केव्हा येतो आणि केव्हा बंद होतो, हाच निदानातला सर्वांत मोलाचा पुरावा असतो, आणि हाउसिंगचे, म्हणजे त्याच्या बाहेरच्या कवचाचे, बोल्ट सैल करण्यापूर्वी तो नोंदवला नाही तर नंतर तो कुठेच सापडत नाही.

बोलेरो किंवा टाटा एससारख्या गाड्यांमध्ये इंजिनची शक्ती प्रोपेलर शाफ्ट या गाडीखालच्या लांब फिरत्या दांड्यामार्फत मागच्या एक्सलपर्यंत येते. तिथे पिनियन हे लहान दातेरी चाक क्राउन या मोठ्या चाकाला फिरवते, फिरण्याची दिशा काटकोनात वळते, वेग कमी होतो आणि त्या प्रमाणात टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, वाढतो. क्राउनला जोडलेल्या पिंजऱ्यात स्पायडर गिअर असतात. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते आणि तो फरक हे गिअर सामावून घेतात. फ्रान्समधील ओनेझिफोर पेकर यांनी वाफेच्या गाडीसाठी ही योजना १८२० च्या दशकाच्या अखेरीस मांडली होती. सरळ रस्त्यावर स्पायडर गिअर स्वतःभोवती जवळजवळ फिरतच नाहीत, त्यामुळे सरळ रस्त्यावरच्या हुंकाराचा दोष त्यांच्यावर ठेवता येत नाही. उलट केवळ वळण घेतानाच खडखड होत असेल तर पहिला संशय त्यांच्यावरच घ्यावा.

हुंकाराचे मूळ दात्यांच्या भेटीत आहे. पिनियन एकसारख्या गतीने फिरले तरी क्राउन अगदी तंतोतंत एकसारखे फिरत नाही, कारण दात्यांच्या आकारात काही मायक्रॉनचा फरक असतो आणि भार आल्यावर ते किंचित वाकतात. प्रत्येक दाता जुळताना गतीला बसणारा हा सूक्ष्म हिसका बेअरिंगांतून हाउसिंगमध्ये आणि तिथून गाडीच्या सांगाड्यात पोहोचतो. क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दाते आहेत, आणि चाकाचा घेर २.१ मीटर आहे, असे धरू. ताशी ६० किलोमीटर वेगाने चाक सेकंदाला सुमारे आठ फेरे घेते, म्हणजे दाते सेकंदाला सुमारे ३२५ वेळा भेटतात आणि तेवढ्याच हर्ट्झचा सूर ऐकू येतो; वेग ८० झाला की तोच सूर ४३० हर्ट्झच्या आसपास चढतो. मोबाइलवरील ध्वनिवर्णपट, म्हणजे आवाजातला कोणता सूर किती जोरात आहे याचा आलेख, दाखवणाऱ्या साध्या ॲपने हा आकडा पडताळता येतो, आणि माझ्या मते हे पाच मिनिटांचे काम कोणत्याही अंदाजापेक्षा भरवशाचे आहे. तोच वेग राखून तिसऱ्याऐवजी चौथा गिअर टाकला तर इंजिनचा आवाज उतरेल, पण डिफरन्शियलचा सूर जागचा हलणार नाही, कारण तो रस्त्यावरच्या चाकांशी बांधलेला असतो. टायरचा आवाजही वेगाबरोबर वाढतो. मात्र तो ॲक्सिलरेटरला दाद देत नाही आणि डांबरी रस्ता संपून काँक्रीटचा सुरू झाला की बदलतो.

आता घाटाकडे परत येऊ. प्रत्येक दात्याला दोन बाजू असतात: चढावर एका बाजूवर भार येतो, उतारावर इंजिन गाडीला रोखू लागले की दुसऱ्या बाजूवर. त्यामुळे घाट हा आपोआपच एक चाचणीचा मंच ठरतो. फक्त चढावर येणारा हुंकार दात्यांची ओढीची बाजू झिजल्याचे किंवा दात्यांची बैठक चुकल्याचे सुचवतो. फक्त उतारावर येणारा आवाज बहुधा पिनियनच्या बेअरिंगांकडे बोट दाखवतो, कारण गाडी ओढताना पिनियन क्राउनपासून दूर ढकलले जाते, तर उतारावर ते क्राउनकडे खेचले जाते आणि नट किंवा बेअरिंग सैल असेल तर खरोखरच सरकते. भार कसाही असो, सतत चालू राहणारी गुरगुर बेअरिंगची असते. गाडी डावी-उजवीकडे हलकेच झुकवल्यावर ती कमी-जास्त झाली तर चाकाचे बेअरिंग तपासावे. गाडी सुटताना एकदाच होणारा ‘टक’ पुष्कळदा प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसमधून, म्हणजे त्याच्या टोकाच्या लवचिक सांध्यातून, येतो, आणि तो बदलणे कितीतरी स्वस्त पडते.

उघडण्यापूर्वी ऑइल पाहावे. आजच्या बहुतेक मागच्या एक्सलमध्ये पिनियनचा अक्ष क्राउनच्या मध्यापासून खाली सरकवलेला असतो. या हायपॉइड रचनेमुळे पिनियन मोठे आणि मजबूत करता येते, पण दाते एकमेकांवर लोळण्याबरोबर जोराने घासतातही. साधे तेल या दाबाखाली टिकत नाही, म्हणून जीएल-५ दर्जाच्या ऑइलमध्ये गंधक आणि फॉस्फरसची संयुगे घालतात, आणि त्याचा उग्र वास त्यामुळेच येतो. कोकणात पावसाळ्यात एक वेगळा धोका असतो. तापलेला एक्सल पाण्याखाली गेलेल्या फरशी पुलावरून जाताना एकदम थंड होतो, आतली हवा आकुंचन पावते आणि ब्रीदर, म्हणजे एक्सलमधली हवा आत-बाहेर होण्याचे छिद्र, चिखलाने बुजलेला असेल तर सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. दुधाळ झालेले ऑइल हे त्याचे लक्षण आहे. चुंबकी प्लगवरचा बारीक करडा लेप नेहमीचा असतो, पण हाताला लागणारे धातूचे तुकडे नव्हेत. आवाज दाबण्यासाठी जाड, १४० नंबरचे ऑइल भरण्याची सवय मला घातक वाटते, कारण त्यामुळे झीज थांबत नाही, फक्त ऐकू येईनाशी होते.

उघडल्यावरही सुटे भाग काढण्याआधी मोजमाप घ्यावे. डायल गेज या सूक्ष्म अंतर दाखवणाऱ्या काट्याच्या मापकाने क्राउनच्या दात्याचा प्ले, म्हणजे पिनियन स्थिर असताना दात्याला उरणारी मोकळी हालचाल, मोजतात. पुष्कळ गाड्यांत तो ०.१३ ते ०.२० मिलिमीटरच्या दरम्यान असावा लागतो, नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. मग काही दात्यांना रंगाचा लेप लावून क्राउन भाराखाली फिरवतात आणि उमटलेला ठसा वाचतात. ठसा दात्याच्या मुळाकडे सरकला असेल तर पिनियन फार आत बसले आहे आणि माथ्याकडे असेल तर फार बाहेर. शिमची, म्हणजे बसवताना घातलेल्या पातळ धातूच्या चकत्यांची, जाडी बदलून पिनियन जागेवर आणतात. क्राउन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जोडीने जुळवलेले असतात, त्यामुळे एकच बदलणे म्हणजे नवा हुंकार विकत घेणे होय. दाते चांगले असून केवळ बेअरिंगे बदलायची असतील तर जुने शिम जपून ठेवावेत, कारण वर्षानुवर्षे घासून जुळलेली बैठक त्यांच्याच जाडीवर अवलंबून असते.

सर्वांत अवघड काम पिनियनच्या शंकूच्या आकाराच्या रोलर बेअरिंगांना पूर्वताण देण्याचे, म्हणजे भार येण्याआधीच ती ठरावीक प्रमाणात आवळून ठेवण्याचे, आहे. अनेक एक्सलमध्ये दोन बेअरिंगांच्या मध्ये चेपणारी नळी असते. नट आवळत जाताना ती थोडी थोडी चेपते आणि पिनियन हाताने फिरवायला लागणारा जोर मोजत थांबायचे असते. मर्यादा ओलांडली तर नट मागे फिरवून उपयोग नाही, कारण चेपलेली नळी पुन्हा ताठ होत नाही. नवी नळी घालून आरंभापासून सुरुवात करावी लागते.

नव्या क्राउन-पिनियननंतरचे पहिले पंधरा-वीस किलोमीटर सपाट रस्त्यावर, हलक्या भाराने चालवून एक्सल पूर्ण थंड होऊ द्यावा, काहीशे किलोमीटरनंतर ऑइल बदलावे, आणि त्यानंतरच गाडी पुन्हा त्याच घाटावर, त्याच वेगाने, खिडक्या बंद ठेवून चढवावी.