मोरपिसात निळा रंग नसतोच

‘मोराच्या पिसात निळं रंगद्रव्य असतं’ हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते खरं नाही.

एक मोरपीस घ्या आणि खिडकीसमोर आडवं धरा, म्हणजे उजेड मागून येईल. निळाई-हिरवाई जाते, उरतो नुसता तपकिरी रंग. तो मेलॅनिनचा, आपल्या केसांत असतं तेच द्रव्य. पिसाच्या अगदी बारीक तंतूंत मेलॅनिनच्या कांड्या जाळीसारख्या ओळीनं रचलेल्या असतात. दोन कांड्यांमधलं अंतर सुमारे 140 नॅनोमीटर (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) असलं की निळा प्रकाश परततो, थोडं वाढलं की हिरवा. म्हणजे रंग ठरतो तो अंतरावर! मला तर ही गोष्ट रंगापेक्षाही सुंदर वाटते. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक यांनी 1665 मध्येच नोंदवलं होतं की पीस पाण्यात भिजलं की हे रंग नाहीसे होतात.

मग मेलॅनिन बिनकामाचं का? अजिबात नाही. पांढऱ्या मोराच्या पिसांत ते नसतं, म्हणून निळाईही नसते.

वनस्पतीही हेच करतात. आफ्रिकेतल्या पोलिया कंडेन्साटा या झाडाचं चकचकीत निळं फळ सेल्युलोजच्या, म्हणजे वनस्पतींच्या पेशीभित्तिका ज्याच्या बनतात त्या द्रव्याच्या, पिळदार थरांमुळे तसं दिसतं. वाळवून जपलेली फळं कित्येक दशकांनंतरही तशीच झळाळतात, कारण विटायला रंगद्रव्यच नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी 2021 मध्ये सेल्युलोजपासूनच, प्लास्टिकशिवाय, चमकी तयार करून दाखवली.