मनाचा आणि व्यसनाचा दवाखाना घरापर्यंत कसा आला

"त्याला ठाण्याला नेलं." आमच्या लहानपणी जुन्या नाशिकमध्ये एवढं वाक्य कानावर आलं की पुढे कुणी काही विचारत नसे. राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चारच होती: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. नाशिकला एकही नाही. ठाण्याचं रुग्णालय १९०१ सालचं. कसारा घाट उतरून, जवळजवळ दीडशे किलोमीटर जाऊन माणूस तिथे ठेवायचा आणि घरच्यांनी परत यायचं. बऱ्याचदा त्याला भेटायलाही पुन्हा कुणी जात नसे. १९१२च्या कायद्याचं नावच मुळी 'ल्युनॅसी अ‍ॅक्ट', म्हणजे वेडेपणाचा कायदा, होतं आणि त्याचा भर उपचारापेक्षा बंदोबस्तावर होता. तो बदलायला १९८७ साल उजाडलं, आणि नवा कायदा प्रत्यक्ष लागू झाला तो १९९३ मध्ये.

पण पेशंट घरी राहून बरा होऊ शकतो, हे दाखवून दिलं ते गोळीने. कायद्याचा नंबर त्यानंतरचा. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावर लिथियमचा उपयोग दाखवला. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे औषध आलं आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवलेली माणसं शांत होऊन बोलू लागली. दारूवरचं डायसल्फिराम १९४८च्या सुमारास डेन्मार्कमधून आलं. ते घेतल्यावर दारू प्यायली की चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. म्हणूनच ते पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनेच द्यायचं असतं. नवऱ्याच्या नकळत भाजीत कालवायची पावडर म्हणून भिंतींवर ज्या जाहिराती दिसतात, त्यांच्या नादी कुणी लागू नये, हे मला इथे कळकळीने सांगावंसं वाटतं. त्यात जीव जाऊ शकतो.

गोळी आल्यावर डॉक्टर जवळ असण्याची गरज वाढली, कारण अशी गोळी एकदा लिहून भागत नाही. डोस वाढवायचा, कमी करायचा, दुष्परिणाम बघायचे, रक्त तपासायचं. देशाचा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. कर्नाटकात बेल्लारी जिल्ह्यात झालेल्या प्रयोगावरून बेतलेला जिल्हा कार्यक्रम १९९६ मध्ये आला आणि हळूहळू मानसोपचाराची ओपीडी जिल्हा रुग्णालयात आली. ठाणे टळलं, तरी सुरगाण्याहून किंवा पेठहून येणाऱ्या बाईला नाशिकही लांबच. पहाटेची एसटी, केसपेपरची रांग, दोन मिनिटांची तपासणी, महिन्याच्या गोळ्या आणि बुडालेली मजुरी. शिवाय सोबत यायला कुणी पाहिजे. दोन-तीन खेपा होतात, पेशंटला बरं वाटायला लागतं आणि द्राक्षाच्या छाटणीत पुढची तारीख राहून जाते. आजार उलटतो तो इथेच.

व्यसनाची वाट आणखी वेगळी. अमली पदार्थांचा कायदा १९८५चा. पुण्यात डॉ. अनिता अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं ते १९८६ मध्ये, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. पुलं आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला मोठा आधार होता. व्यसन हा आजार आहे, ही भाषा मराठी घरांत रुजली ती बरीचशी तिथून. पण केंद्रात राहून परत आलेला माणूस जुन्याच अड्ड्यासमोरून कामाला जातो, आणि त्याला हात धरणारं तेव्हा जवळ कुणी नसतं. २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दारूच्या आजाराचे शंभरातले ८६ जण उपचाराविना आढळले. आपल्याकडे मोहाची दारू आहे, मालेगावात 'कुत्ता गोळी' म्हणून विकलं जाणारं अल्प्राझोलाम हे गुंगीचं औषध आहे, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शहराजवळच्या शिंदे गावात मेफेड्रोन या अमली पदार्थाचा कारखानाच सापडला.

पडद्यावरून मानसोपचार ही कल्पना मात्र जुनी आहे. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये १९५९ च्या सुमारास टीव्हीच्या तारेवरून गटोपचार झाले होते. आपल्याकडे त्सुनामीनंतर चेन्नईच्या 'स्कार्फ' संस्थेने हे काम हाती घेतलं आणि २०१० पासून पुदुकोट्टईच्या खेड्यांत त्यासाठी बस फिरवली. तरीही फोनवरून औषध लिहून देणं नियमात बसतं की नाही, हे धूसरच होतं. २५ मार्च २०२० ला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी, केंद्राने टेलिमेडिसिनची, म्हणजे फोन-व्हिडिओवरून उपचार करण्याची, मार्गदर्शक तत्त्वं काढली. मे महिन्यात बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेसोबत टेलिसायकियाट्रीची, म्हणजे अशा दुरून मानसोपचाराची, वेगळी पुस्तिका दिली. काही औषधं पहिल्या भेटीत लिहायची तर व्हिडिओ हवाच. काही फक्त जुन्या पेशंटला, आधी समोर तपासलेलं असेल तरच. आणि अमली पदार्थांच्या कायद्यातली औषधं, मोजके अपवाद सोडले तर, अशा भेटीत लिहायचीच नाहीत. त्यामुळे अफूजन्य व्यसनावरचं ब्युप्रेनॉर्फिन केंद्रातच जाऊन घ्यावं लागतं. पेशंटला हे जाचक वाटतं, पण मालेगावची गोळी पाहिलेल्या माणसाला त्यामागचं कारण समजावून सांगावं लागत नाही.

माझा आतेभाऊ कळवणला असतो, लिथियमवर आहे. नाशिकचे डॉक्टर त्याला दर महिन्याला व्हिडिओवर बघतात. "काका, हात पुढे धरा, बोटं पसरा," म्हणतात आणि बोटांची थरथर बघतात. मग गोळ्यांची स्ट्रिप कॅमेऱ्यासमोर धरायला लावून उरलेल्या गोळ्या मोजतात. एकदा चार गोळ्या जास्त उरल्या होत्या. वहिनी मागून म्हणाली, "लग्नाला गेलो होतो, राहून गेल्या." तेवढ्यावरून डॉक्टरांनी पुढची भेट पंधरवड्यावर आणली. ओपीडीच्या गर्दीत हे कुणाच्या लक्षात आलं नसतं, असं मला वाटतं.

फोनला जमत नाही तेही सांगायला हवं. लिथियमची पातळी बघायला रक्त द्यावंच लागतं. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. अशा वेळी त्याला दवाखान्यात भरतीच करावं लागतं.

२०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने दारू आणि ड्रग्जशी निगडित मनोविकारही मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आणि उपचार मिळणं हा हक्क ठरवला. १० ऑक्टोबर २०२२ ला टेलिमानस ही सरकारची फोनवरची मानसिक आरोग्य सेवा सुरू झाली. १४४१६ वर फोन केला की मराठीतही बोलता येतं. व्यसनासाठी १४४४६ आहे.

आतेभावाचं प्रिस्क्रिप्शन आता मोबाइलवर येतं. गावच्या मेडिकलमध्ये लिथियम मात्र बहुतेक वेळा नसतं. मग मी नाशिकमध्ये ते घेतो, पिशवीवर त्याचं नाव लिहितो आणि संध्याकाळच्या कळवण गाडीच्या कंडक्टरच्या हाती देतो.