केचपच्या बाटलीतले पाणी

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या कॉलिन्सव्हिल या छोट्या गावात ५२ मीटर उंचीची केचपची बाटली उभी आहे. तिच्यात केचप कधीच नव्हते. पोलादी पायांवर चढवलेली ही कारखान्याची पाण्याची टाकी. पाय साधारण ३० मीटर, बाटली २१ मीटर, आणि पोटात मावते पावणेचार लाख लिटरच्या आसपास पाणी.

टाकी एवढी उंच का लागते, ते आधी सांगायला हवे. १० मीटर उंचीवरचे पाणी खाली दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोचा दाब देते. म्हणजे ३० मीटरवरून तो तिप्पट होतो. पंप बंद पडला, वीज गेली, तरी हा दाब हटत नाही. आगीच्या वेळी त्याचाच आधार, आणि ही टाकीही कारखान्याच्या कामाला आणि तिथल्या आग विझवण्याच्या फवाऱ्यांना पाणी पुरवण्यासाठी होती. त्या काळी कारखान्यांत अशा टाक्या सर्रास असत. त्यांच्याकडे कोणी वळून पाहत नसे.

मिसिसिपीपलीकडच्या सेंट लुईस शहरात याहून जुनी परंपरा दिसते. तिथला ग्रँड अव्हेन्यूवरचा मनोरा १८७१ चा. त्याच्या आत टाकी नव्हती, नुसती एक उभी नळी होती. वाफेचे पंप पाणी झटक्याझटक्याने ढकलत. त्या हादऱ्याने नळ फुटू नयेत म्हणून पाण्याला वर चढायला वाट करून दिलेली. पण उघडी नळी शोभेना, म्हणून तिच्याभोवती ग्रीक धाटणीचा प्रचंड स्तंभ रचला. पाण्याच्या कामाला सजवायची हौस अशी जुनीच आहे.

कॉलिन्सव्हिलमध्ये ही हौस जाहिरातीच्या रूपाने आली. तिथे ब्रुक्स केचप बनवणाऱ्या कंपनीला नवी टाकी हवी होती. ती बाटलीच्याच आकाराची करावी, असे १९४७ मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी सुचवले. १९४९ मध्ये ती उभी राहिली. मला यातला प्रामाणिकपणा आवडतो. स्तंभाने नळी लपवली, बाटलीने मात्र आपण कोणाच्या आहोत ते उघड सांगितले.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला केचपचे उत्पादन इंडियाना राज्यात हलले. बाटली मागे राहिली, हळूहळू तिची रया गेली. १९९३ मध्ये जागा विकायची वेळ आली तेव्हा गावकरी जागे झाले. त्यांनी बचाव गट उभारला, टी-शर्ट विकून पैसे जमवले आणि १९९५ मध्ये तिला मूळच्या रंगांत पुन्हा रंगवून घेतले. जिच्या कारखान्याने गाव सोडून तीस वर्षे उलटली होती, त्या टाकीसाठी लोकांनी पदरमोड केली, हे मला या साऱ्या कथेत सगळ्यात मोठे वाटते.

२००२ मध्ये अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत तिचे नाव लागले.