रेड बॅरनला नक्की कोणी पाडलं?

‘रेड बॅरन’ म्हणून ओळखला जाणारा पहिल्या महायुद्धातला जर्मन वैमानिक मानफ्रेड फॉन रिख्टहोफेन म्हणजे लाल तीनपंखी फोकर विमान, आणि त्याला हवेत पाडलं ते ब्रिटिश हवाई दलातल्या, कॅनडाच्या कॅप्टन रॉय ब्राउनने, असं अजूनही सर्रास सांगितलं जातं. दोन्ही गोष्टी तपासून घ्यायला हव्यात.

मुळात हा घोडदळातला अधिकारी. पहिलं विमान पाडलं १७ सप्टेंबर १९१६ ला. पुढे त्याच्या नावावर ८० विमानं लागली, पण तीनपंखी फोकरमधून पाडलेली फक्त १९. बहुतेक यश दोनपंखी अल्बाट्रोसमधलं.

आता २१ एप्रिल १९१८ चा दिवस बघा. फ्रान्समधल्या सोम नदीच्या खोऱ्यात तो विल्फ्रिड मे या नवख्या वैमानिकाच्या मागे लागला होता, अगदी जमिनीलगत. ब्राउनने मागून, वरून झडप घातली, गोळ्या झाडल्या आणि तो बाजूला झाला. त्यानंतरही रिख्टहोफेनने मेचा पाठलाग चालूच ठेवला. रिख्टहोफेनला एकच गोळी लागली होती: उजव्या बगलेखालून शिरली, वर चढत डाव्या स्तनाग्राजवळ बाहेर पडली. इतक्या खोल जखमेनंतर कोणी शांतपणे पाठलाग करत राहील, हे मला पटत नाही. गोळी खालून, उजवीकडून आली होती. म्हणूनच आज बहुतेक अभ्यासक जमिनीवरच्या ऑस्ट्रेलियन मशीनगनकडे, विशेषतः सार्जंट सेड्रिक पॉपकिनकडे बोट दाखवतात.

श्रेय मात्र ब्रिटिश हवाई दलाने ब्राउनला दिलं. वयाची सव्वीस वर्षं पूर्ण व्हायला अकरा दिवस उरलेल्या त्या शत्रूला ऑस्ट्रेलियन सैनिकांनी दुसऱ्या दिवशी बर्टांगल गावात लष्करी मानवंदनेसह दफन केलं.