वार्निश हे भित्तिचित्राचे कवच नव्हे

ऐतिहासिक वास्तूच्या बाह्य भिंतीवरील चित्रांना पारदर्शक वार्निशचा हात दिला की ती पावसापाण्यापासून सुरक्षित राहतात, हा समज जुना असला तरी चुकीचा आहे. पाणी केवळ समोरून येत नाही. ते पायातून, छतातून आणि सांध्यांतूनही भिंतीत मुरते, आणि बाहेर पडताना सोबत आणलेले क्षार वार्निशच्या थराआड स्फटिकरूप घेऊन रंगालाच आतून ढकलू लागतात. सुटलेल्या पापुद्र्यामागे दिसणारी पांढरी भुकटी ती हीच. रोमानियातील वोरोनेत्स मठाची १५४७ मधील बाह्यचित्रे चुन्याच्या गिलाव्यावर आहेत आणि पावसापासून त्यांना आडोसा मिळतो तो छपराच्या रुंद वळचणीचा. म्हणूनच आधी छप्पर, पन्हळी आणि पायाजवळचा निचरा दुरुस्त करून भिंत सावकाश वाळू द्यावी. रंगाला हात त्यानंतरच लावावा.