अर्धी वाटी दुधाचा हिशेब

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात आमच्या सोसायटीच्या पंपघरामागे मांजराचं एक पिल्लू सापडलं. करड्या पट्ट्यांचं, ओलंचिंब, आणि आवाज अंगाच्या चौपट. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी त्याला पुसून बुटाच्या खोक्यात ठेवलं, अर्धी वाटी कोमट दूध दिलं, वर पोळी कुस्करली. पिल्लानं वाटी चाटूनपुसून लख्ख केली. सकाळी खोकं फेकून द्यावं लागलं.

दिवसभर जिन्यात सल्ले सुरू होते. म्हशीचं जड पडलं असेल, गाईचं द्या. निम्मं पाणी घाला. देशी गाईचं ए2 दूध द्या, महाग आहे पण बाधत नाही. एकानं मीठमोहऱ्या ओवाळायला सांगितल्या. "दूधच नका देऊ," असं मी म्हटल्यावर काकू म्हणाल्या, "अहो, मांजराला दूध नाही तर काय आमटी द्यायची?"

प्रश्न रास्त होता. मराठीतलं मांजर डोळे मिटून दूधच पितं आणि शिंक्यातल्या लोण्यावरच टपून बसतं. शिवाय पिल्लू आईचं दूध पितंच की! मग पिशवीतल्या दुधानं काय घोडं मारलं?

घोडं मारलं आहे लॅक्टोजनं, म्हणजे दुधातल्या साखरेनं. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज हे साखरेचे दोन छोटे रेणू एकमेकांना जोडले की लॅक्टोज होतं. आतड्याच्या भिंतीतून एकटा ग्लुकोज किंवा एकटा गॅलॅक्टोज आत जातो, जोडी जात नाही. जोडी फोडण्याचं काम लॅक्टेज नावाचं विकर करतं. जन्मल्यावर काही आठवडे पिल्लाच्या लहान आतड्यात ते भरपूर असतं. आईचं दूध सुटायच्या सुमारास ते ओसरू लागतं. गाईच्या वासराचं तसंच होतं, आणि जगातल्या बहुतेक मोठ्या माणसांचंही.

मांजरीच्या दुधातही लॅक्टोज असतं, आणि गाईच्या दुधापेक्षा ते फार कमी नसतं. फरक बाकीच्या ऐवजात आहे. मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त आणि स्निग्धांशही अधिक. थोड्या दुधात पिल्लाचं भागतं. तेवढीच ताकद गाईच्या दुधातून मिळवायची तर जास्त दूध प्यावं लागतं, म्हणजे जास्त लॅक्टोज, तेही लॅक्टेज ओसरत असताना. पाणी घातल्यानं हे प्रमाण बदलत नाही, पिल्लू फक्त उपाशी राहतं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, पण लॅक्टोज जवळपास गाईइतकंच. आणि ए2? तो सगळा बोलबाला बीटा-केसीन या प्रथिनाच्या साखळीतल्या 67व्या मण्याचा, म्हणजे अमिनो आम्लाचा, आहे. लॅक्टोजशी त्याचा काडीचा संबंध नाही. बरं, म्हशीचं दूधही ए2च असतं, पण ते तसं सांगून फारसं कोणी विकत नाही.

आता माझा आवडता भाग. गणिताचा कंटाळा असेल तर पुढचे दोन परिच्छेद ओलांडा, पण खरी गंमत तिथेच आहे.

काकूंची अर्धी वाटी मी मोजली, 50 मिली भरली. गाईच्या 100 मिली दुधात साधारण 4.8 ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे वाटीत 2.4 ग्रॅम. लॅक्टोजचा रेणुभार 342, म्हणून हे झाले 7 मिलिमोल (मिलिमोल हे रेणूंची संख्या मोजायचं माप). आतड्याचा नियम असा की आतलं पाणी आणि रक्त यांतला विरघळलेल्या कणांचा दाटपणा सारखा राहिला पाहिजे, नाहीतर पाणी दाट बाजूकडे सरकतं. मिठात मुरवलेल्या कैरीला पाणी सुटतं ते याच तत्त्वावर. रक्तात लिटरमागे सुमारे 300 मिलिमोल कण असतात. म्हणजे आतड्यात अडकलेला प्रत्येक मिलिमोल आपल्यापाशी 3.3 मिली पाणी धरून बसतो. सातांनी गुणा: 23 मिली. गंमत म्हणजे दूध मुळात रक्ताइतकंच दाट असतं, आणि त्या दाटपणातला जवळपास निम्मा वाटा एकट्या लॅक्टोजचा. त्यामुळे लहान आतड्यात लॅक्टोज शरीरातून फारसं पाणी ओढत नाही. दुधातलंच निम्मं पाणी ते सोडत नाही, बस.

खरा गोंधळ पुढे, मोठ्या आतड्यात. तिथल्या जिवाणूंना हे लॅक्टोज म्हणजे मेजवानी. एका लॅक्टोजपासून लॅक्टिक आम्लाचे चार रेणू होऊ शकतात. एक कण होता, चार झाले, आणि पाणी धरण्याची ताकदही तशीच वाढली. सोबत हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड निघतात, म्हणून पोट गुडगुडतं आणि शी फेसाळ, आंबूस होते. मोठं आतडं मात्र हातावर हात धरून बसत नाही. ही आम्लं ते शोषून घेतं आणि त्यांच्याबरोबर सोडियम व पाणीही परत आणतं. लॅक्टोज थोडं असेल तर हा हिशेब जुळतो, म्हणून चमचाभर दूध एखाद्या पिल्लाला पचूनही जातं आणि काकूंसारखी माणसं म्हणतात, "आमच्या गावच्या मांजरांना कधी काही झालं नाही." शोषण्यापेक्षा आम्ल वेगानं तयार व्हायला लागलं की पाणी बाहेर. दह्यात विरजणाच्या जिवाणूंनी लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवलेला असतो, म्हणून ते दुधापेक्षा कमी बाधतं.

आमचं पिल्लू स्वयंपाकघरातल्या काट्यावर 540 ग्रॅम भरलं. एवढ्याशा जिवाला 25-30 मिली पाणी गमावणं म्हणजे वजनाचा विसावा हिस्सा गमावणं. खांद्यावरची कातडी हलकेच चिमटीत धरून सोडली तर ती लगेच बसायला हवी. तंबूसारखी उभी राहिली किंवा हिरड्या चिकट लागल्या, तर पाणी कमी पडलं आहे.

वजनावरून आणि दातांवरून पशुवैद्यांनी वय सहा आठवडे धरलं. मांजरीनं पिल्लांना सात घरं दाखवली की त्यांचे डोळे उघडतात, असं आमची आजी सांगायची. डोळे जन्मानंतर एकदोन आठवड्यांत आपोआपच उघडतात. मांजरीण घरं बदलते ती बोक्यांच्या आणि माणसांच्या भीतीनं. चार आठवड्यांच्या आतलं पिल्लू असेल तर मात्र त्याला दूधच हवं, पण पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारी मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर, आणि तीही पिल्लाला आधी ऊब देऊन. गार पडलेल्या पिल्लाचं आतडं चालत नाही. पाजताना त्याला तान्ह्या बाळासारखं उताणं धरू नये, दूध फुप्फुसात जातं. पोटावर ठेवावं.

सहा आठवड्यांच्या पिल्लाला मांस हवं. मांजराला गोड चव कळतच नाही. ती चव ओळखणाऱ्या जिभेवरच्या रिसेप्टरचं (ग्राहीचं) एक जनुक मांजरात मोडकं आहे, हे 2005 साली फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं. म्हणजे दुधाकडे मांजर धावतं ते साखरेसाठी नव्हे. शिवाय टॉरिन हा पदार्थ मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांसामासळीतून यावा लागतो. 1975 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरांना प्रथिन म्हणून केसीन, म्हणजे दुधातलंच प्रथिन, दिलं होतं. टॉरिन कमी पडून त्यांचं दृष्टिपटल झिजू लागलं. डोळे मिटून दूध पिण्याची म्हण करणाऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. शाकाहारी घरात मांजर जरूर पाळा, पण त्याला शाकाहारी करू नका.

तर आमटी नाही, उकडलेलं चिकन. मीठ, हळद, मसाला काही नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, मांजराच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. बोटाच्या पेराएवढं, दर तीन-चार तासांनी, शेजारी पाण्याची बशी. हे दोनतीन दिवसच. नुसत्या मांसात कॅल्शियम नसल्यासारखंच, महिनाभर तेच दिलं तर हाडं ठिसूळ होतात. मग पिल्लांचं तयार खाणं आठवडाभरात हळूहळू वाढवत न्यायचं. एका रात्रीत खाणं बदललं तरी पोट बिघडतं, आणि मग दोष ब्रँडला जातो.

आणखी एक सल्ला जिन्यात मिळाला होता, "एक दिवस लंघन करू दे." लंघन परमौषध असेल, पण ते आपल्याला. एवढ्या पिल्लाच्या यकृतात साखरेचा साठा जेमतेम असतो, उपाशी ठेवलं तर ते गळून जातं. माणसांच्या गोळीचा तुकडाही नको. पॅरासिटामॉलनं मांजर मरतं. त्याचा निचरा करणारी यंत्रणा त्याच्या यकृतात अगदी तोकडी असते.

आमच्या पिल्लाला दुधाखेरीज जंतही होते. गोल जंतांची अळी मांजरीच्या दुधातूनच पिल्लात जाते, म्हणजे आईचं दूधही अगदी निर्मळ नाही. जंताचं औषध वजनावरून ठरतं, ते पशुवैद्यांकडूनच घ्यावं. शीमध्ये रक्त, सोबत उलट्या, खेळणं बंद, खाणं बंद, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा, कारण लस न टोचलेल्या पिल्लात तो पॅनल्यूकोपेनिया हा विषाणूजन्य रोग असू शकतो, आणि त्यात एक रात्रही फार होते.

चौथ्या दिवशी शी घट्ट झाली. काकूंनी खाली येऊन ती बातमी मला जिन्यातच, जरा मोठ्यानं, दिली. मग आवाज उतरवून विचारलं, "ते तेवीस मिलीचं परत सांगा हो. मी रोज रात्री पेलाभर घेते, आणि पहाटे पोट नुसतं गुडगुडत असतं."

पेला 200 मिलीचा निघाला. चौपट केली की झालं.