जपानमधील सामाजिक समस्या

दुसऱ्या महायुद्धानंतर झपाट्याने श्रीमंत झालेल्या जपानपुढे आज उभे असलेले लोकसंख्या, कुटुंब, रोजगार आणि एकाकीपण यांविषयीचे प्रश्न. १९६८ ते २०१० या काळात जपानची अर्थव्यवस्था जगात दुसऱ्या क्रमांकाची होती. आयुर्मान, शिक्षण आणि रस्त्यावरची सुरक्षितता यांत हा देश आजही आघाडीवर आहे, त्यामुळे त्याच्या प्रश्नांचा उगम टंचाईत शोधून सापडत नाही. नवरा कंपनीत, बायको घरात, नोकरी निवृत्तीपर्यंत पक्की आणि म्हातारपणी सून हाताशी, असे गृहीत धरून भरभराटीच्या काळात सगळी घडी बसवली गेली. पुढे कुटुंबे बदलली, नोकऱ्या बदलल्या. घडी मात्र बरीचशी तीच राहिली.

जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास १२ कोटी ८० लाखांवर पोहोचली आणि तिथून उतरणीला लागली. ६५ वर्षांवरील लोकांचे प्रमाण आता सुमारे २९ टक्के आहे. २०२४ मध्ये ६ लाख ८६ हजार जन्म आणि सुमारे १६ लाख मृत्यू नोंदले गेले. एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीला आयुष्यात होणाऱ्या मुलांची सरासरी, १.१५ वर आला. घसरण जुनीच आहे, पण ती सरकारच्या डोळ्यांत भरली १९९० मध्ये, आणि तीही एका अंधश्रद्धेच्या निमित्ताने. पारंपरिक कालगणनेत दर ६० वर्षांनी ‘अग्नी-अश्व’ वर्ष येते. त्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याच्या मुळावर येते, असा समज. आपल्याकडे मंगळ असलेल्या मुलीच्या वाट्याला येते तेच. १९६६ हे असे वर्ष होते आणि त्या वर्षी जन्म सुमारे एक चतुर्थांशाने घटले, जननदर १.५८ पर्यंत उतरला. १९८९ मध्ये असले कुठलेही अशुभ वर्ष नसताना तो १.५७ भरला आणि पुढच्या वर्षी हा आकडा जाहीर झाला. ‘१.५७ चा धक्का’ म्हणून ही घटना ओळखली जाते. त्यानंतर पाळणाघरे, बालभत्ता, पालकत्व रजा अशा योजना एकामागून एक आल्या, २०२३ मध्ये बालके आणि कुटुंबांसाठी स्वतंत्र संस्थाही उभी राहिली. आकडा मधे थोडा वर आला, पण टिकला नाही. जपानमध्ये विवाहबाह्य जन्मांचे प्रमाण जेमतेम दोन टक्के आहे, म्हणजे लग्ने घटली की मुले घटतातच. आणि या योजनांचा बराचसा भर लग्न झालेल्यांवर होता.

लग्ने का घटली, याचे एक उत्तर नोकरभरतीच्या पद्धतीत आहे. मोठ्या कंपन्या पदवीपूर्वीच विद्यार्थ्यांना निवडतात आणि १ एप्रिलला सगळे एकदम रुजू होतात. त्या वर्षी गाडी चुकली की पुढे कायम नोकरीत शिरणे फार अवघड. १९९० च्या सुरुवातीला जमिनीच्या आणि शेअरांच्या भावांचा फुगा फुटला, तेव्हा कंपन्यांनी आतल्यांना सांभाळण्यासाठी नवी भरती आखडती घेतली. साधारण १९९३ ते २००४ या काळात पदवी घेऊन बाहेर पडलेली ही ‘रोजगार-हिमयुगा’ची पिढी. कष्टात किंवा शिक्षणात ती कुठे कमी नव्हती, पदवीचे साल तेवढे वाईट निघाले. यांतले अनेक जण कंत्राटी आणि अर्धवेळ कामांवरच राहिले, आणि अशा बेभरवशाच्या कमाईवर लग्न लांबतच गेले. आज देशातील नोकरदारांपैकी तिघांतला एकाहून अधिक जण अशा कामावर आहे.

काहींनी दार लावून घेतले. महिनोन्‌महिने घराबाहेर न पडणाऱ्यांना ‘हिकिकोमोरी’ म्हणतात. सरकारच्या २०२२ च्या पाहणीवरून १५ ते ६४ वयोगटात त्यांची संख्या १४ लाख ६० हजारांच्या घरात असल्याचा अंदाज आहे. ही फक्त तरुण पोरांची व्यथा, हा समज खोटा ठरला आहे. ऐंशीच्या घरातल्या आईबापांच्या पेन्शनवर जगणारी पन्नाशीतली मुले हा प्रश्न ‘८०५०’ या नावाने ओळखला जातो.

याच धाग्याचे दुसरे टोक म्हणजे ‘कोदोकुशी’, कोणाच्या नकळत घरात एकट्याने येणारा मृत्यू. चिबा प्रांतातील मात्सुदो शहरात तोकिवादाइरा ही १९६० च्या सुमाराची मोठी गृहवसाहत आहे. नव्या मध्यमवर्गाच्या स्वप्नातली घरे. २००० च्या सुमारास तिथल्या एका घरात तीन वर्षांपूर्वी वारलेल्या रहिवाशाचा सांगाडा सापडला. भाडे आणि बिले बँकेतून आपोआप जात होती, म्हणून कोणाला चौकशी करावीशी वाटली नाही. खाते रिकामे झाले तेव्हा दार उघडले गेले. पुढे रहिवाशांनीच शेजाऱ्यांवर लक्ष ठेवण्याची मोहीम उभारली. पोलिसांच्या आकडेवारीनुसार २०२४ मध्ये एकट्याने राहणारे ७६,०२० लोक घरात मृत आढळले. त्यांतले सुमारे तीन चतुर्थांश ६५ वा त्याहून अधिक वयाचे होते. घरमालक वृद्ध भाडेकरू नाकारतात, अशा मृत्यूनंतरच्या सफाईचा आणि बुडालेल्या भाड्याचा विमाही त्यांना मिळतो. दुसरीकडे बिनपगारी ‘मिनसेइ-इइन’ स्वयंसेवक घरोघर विचारपूस करतात, पण त्यांतले बरेच स्वतःच वयस्कर आहेत. याकुल्ट या आंबवलेल्या दुधाच्या पेयाच्या बाटल्या घरोघर पोहोचवणाऱ्या बायका १९७२ पासून एकट्या वृद्धांची खबरबात घेत आल्या आहेत. सरकारला एकाकीपणासाठी मंत्री नेमायला २०२१ साल उजाडले.

वृद्धसेवेसाठी २००० पासून सक्तीचा विमा आहे. चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो. योजना चांगली आहे. अडते ते सेवक मिळण्यावर. गावे ओस पडत आहेत. २०२३ च्या गणनेत देशात सुमारे ९० लाख घरे रिकामी निघाली. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचे युबारी एके काळी लाखाहून अधिक वस्तीचे कोळशाचे शहर. २००७ मध्ये त्याची नगरपालिका अधिकृतपणे दिवाळखोर ठरली.

अतिकामामुळे होणाऱ्या मृत्यूंविरुद्ध २०१४ मध्ये कायदा झाला, २०१९ पासून जादा कामाला मर्यादा आली. आत्महत्या २००३ मधील ३४ हजारांवरून आता २० हजारांच्या आसपास उतरल्या आहेत, मात्र शाळकरी मुलांमधल्या वाढल्या आहेत. एकल पालकांच्या कुटुंबांत, म्हणजे बहुतांशी एकट्या आयांच्या घरांत, दारिद्र्याचे प्रमाण २०२१ मध्ये ४४.५ टक्के होते. श्रीमंत देशासाठी हा आकडा लाजिरवाणाच. पतिपत्नींचे आडनाव एकच हवे, हा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये कायम ठेवला; सुमारे ९५ टक्के जोडप्यांत आडनाव बायकोच बदलते.

मनुष्यबळाची उणीव परदेशी लोक भरून काढत आहेत. २०२४ अखेर त्यांची संख्या ३७ लाखांवर गेली. १९९३ पासूनची ‘तांत्रिक प्रशिक्षणार्थी’ योजना नावाला शिक्षण आणि प्रत्यक्षात स्वस्त मजुरी ठरल्याने ती २०२७ पासून बदलली जाणार आहे. तोक्योच्या एदोगावा भागातील निशिकासाइ परिसरात भारतीय अभियंत्यांची मोठी वस्ती आहे. २०१९ मध्ये त्या भागाच्या स्थानिक सभेवर पुण्यात शिकलेले योगेंद्र पुराणिक निवडून आले. राष्ट्रीय राजकारणाचा वारा मात्र वेगळ्या दिशेला आहे : जुलै २०२५ च्या वरिष्ठ सभागृहाच्या निवडणुकीत ‘जपानी आधी’ अशी घोषणा देणाऱ्या सान्सेइतो पक्षाने १४ जागा जिंकल्या.